गीरच्या सिंहाला दुसरे घर कधी मिळणार? राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला एक निवृत्त पशुवैद्यक आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि त्यांच्या राखणीची कुत्री यांच्यावर उपचार करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सिंह हा माझ्या कामाचा विषय कधीच नव्हता. तरीही हे पत्र सिंहांविषयीच आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या पूर्व भागातल्या दलखाणिया परिक्षेत्रात सिंह एकामागून एक मरू लागल्याच्या बातम्या आल्या, आणि काही दिवसांनी त्यामागचे जे कारण पुढे आले तो रोग मी गावोगावच्या कुत्र्यांमध्ये वर्षानुवर्षे पाहत आलो होतो.

तो विषाणूजन्य रोग म्हणजे डिस्टेंपर. तो झालेले कुत्रे ज्याने एकदा पाहिले त्याला ते विसरता येत नाही. सुरुवातीला डोळ्यांत चिपडे, नाकातून घट्ट शेंबूड, ताप, हगवण एवढेच दिसते आणि मालकाला वाटते, उकिरड्यावरचे काहीबाही खाल्ले असेल. मग मधले काही दिवस कुत्रे सावरल्यासारखे वाटते, आणि एका सकाळी त्याचा जबडा काहीतरी चघळत असल्यासारखा आपोआप हलू लागतो, तोंडाला फेस येतो, एखादा पाय झोपेतसुद्धा ठरावीक तालात झटके देत राहतो. एका धनगराच्या वाड्यावरच्या काळ्या कुत्र्याला मी असे चार दिवस पाहिले. धन्याने हाक मारली की ते शेपटी हलवायचे, पण जबडा थांबत नसे. पाचव्या दिवशी ते गेले. या विषाणूला मारणारे औषध नाही. लस आधीच टोचलेली असली तर जनावर वाचते, नाहीतर आपण फक्त सलाइन लावून शेजारी बसायचे.

हाच विषाणू गीरच्या सिंहांमध्ये सापडला. सुरुवातीला सांगण्यात आले की मृत्यू आपसातल्या झुंजींमुळे झाले आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत मृतांचा आकडा २३ वर गेला. नमुने आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले आणि तिथे कॅनाइन डिस्टेंपर विषाणूवर शिक्कामोर्तब झाले. काही सिंहांमध्ये गोचिडांतून पसरणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही आढळला. त्यानंतर अमेरिकेतून लसीचे ३०० डोस मागवले गेले, आजूबाजूचे सिंह पकडून वेगळे ठेवले गेले, आणि साथ आटोक्यात आली. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत रात्रंदिवस जे काम केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

परंतु हे सारे होण्याच्या २४ वर्षे आधी टांझानियाच्या सेरेंगेटीत हेच घडून गेले होते. १९९४ मध्ये तिथले सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथल्या एकूण सिंहांपैकी साधारण एक तृतीयांश, डिस्टेंपरने मेले. विषाणू आला तो अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांकडून. पुढे शास्त्रज्ञांनी जुने नमुने तपासले तेव्हा असे दिसले की त्याआधीच्या दुष्काळात रानरेडे अशक्त झाले होते, त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या होत्या, असे रेडे खाऊन सिंहांच्या रक्तात बबेसिया वाढला होता, आणि डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खचवताच त्या बबेसियाने सिंहांना मारले. गोठ्यात काम करणाऱ्या कोणत्याही पशुवैद्यकाला हे लगेच पटेल. गोचीडताप अंगात दबून बसतो आणि जनावर दुसऱ्या कशाने खचले की उसळी घेतो. विषाणू आणि गोचीड यांची तीच जोडगोळी दलखाणियात दिसली. फरक इतकाच की सेरेंगेटीत साथीनंतरही दोन हजारांच्या घरात सिंह शिल्लक होते आणि काही वर्षांत तिथली संख्या भरून निघाली. आपल्याकडे मुक्त रानात फिरणारा आशियाई सिंह जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे सौराष्ट्र. या सिंहांमधले जनुकीय वैविध्यही फार कमी आहे, कारण आजचे सगळे सिंह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेल्या मूठभर सिंहांचेच वंशज आहेत. एकाला जो रोग मारतो तो दुसऱ्याला वाचू देईल, अशी आशा अशा कळपात कमी असते.

आपल्यासमोर जेव्हा आकडे येतात तेव्हा ते वाढीचे येतात, आणि ती वाढ खरी आहे. १९६८ च्या गणनेत १७७ सिंह होते. २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ च्या मे महिन्यात ८९१. एवढे मोठे श्वापद माणसांच्या इतक्या दाट वस्तीत वाढवून दाखवणे जगात फार थोड्यांना जमले आहे, आणि त्याचे श्रेय गुजरातच्या वन विभागाइतकेच तिथल्या गुरे राखणाऱ्या मालधाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना आहे, जे आपल्या म्हशी गमावूनही बंदुकीला हात घालत नाहीत. पण गीरचे राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य मिळून क्षेत्र जेमतेम १,४०० चौरस किलोमीटर भरते, तर सिंह आज ११ जिल्ह्यांत, सुमारे ३५,००० चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. निम्म्याहून अधिक सिंह शेतात, नदीकाठच्या बाभुळबनात, आमराईत आणि खाणींच्या आसपास राहतात. गुजरात विधानसभेत २०२५ च्या मार्चमध्ये सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत २८६ सिंह मेले, त्यांत १४३ छावे होते, आणि ५८ मृत्यू अनैसर्गिक कारणांनी झाले. छाव्यांचे मृत्यू निसर्गातही फार असतात, त्यामुळे त्या सगळ्यांचा दोष मी कोणाला देत नाही. मात्र उघड्या विहिरी, भरधाव ट्रक, पिपावाव बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या आणि शेताच्या कुंपणात सोडलेली वीज यांनी मेलेला सिंह निसर्गाने मेला असे कोणी म्हणणार नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी आठ दिवस धारी, सावरकुंडला आणि राजुला या पट्ट्यात फिरलो. पर्यटक म्हणून जिपमध्ये बसलो नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वाडीवर राहिलो. तिकडे सिंहाला ‘सावज’ म्हणतात. आमच्या मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार व्हायची ते. पहिल्या रात्री घरातल्या वृद्ध बांनी, म्हणजे आजींनी, अंगणात येऊन हलक्या आवाजात ‘सावज आव्या’ म्हटले, तेव्हा क्षणभर मला अर्थच लागला नाही. गव्हाला पाणी सुरू होते. मोटारीच्या हौदावर एक सिंहीण आणि तिच्यामागे दोन मोठे छावे पाणी पीत होते. आम्ही ओसरीतून पाहत होतो. घरात कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी मोबाइल काढला नाही. बांनी फक्त नातवाला आत घेतले आणि दाराला कडी घातली.

सकाळी मी हौदापाशी गेलो. ओल्या मातीत सिंहिणीच्या पंजाचा ठसा स्पष्ट उमटला होता, माझ्या पसरलेल्या तळहातापेक्षा रुंद, नखांची खूण नसलेला. त्या ठशाच्या आतच, टाचेच्या भागावर, दुसरा लहान ठसा होता आणि त्याच्या चारही बोटांपुढे नखांची टोके उमटली होती. सिंहीण गेल्यानंतर गावातले कुत्रे त्याच हौदावर पाणी प्यायला आले होते. वाडीपासून फर्लांगभर अंतरावर गावाने मेलेली जनावरे टाकायची जागा आहे. तिथे आदल्या दिवशीचा एक बैल पडला होता. रात्री सावज खातात, दिवसा कुत्री खातात, असे मला सहज सांगण्यात आले. मी विचारले, कुत्र्यांना लस? शेतकरी म्हणाला, साहेब, ही कुत्री कोणाची नाहीत. माझी सगळी नोकरी ज्या वाक्यासमोर हतबल होत आली तेच वाक्य मी तिथे पुन्हा ऐकले.

विहिरींविषयी फार लिहीत नाही. जुन्नरमध्ये बिबट्या उसात राहतो आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहतो आहोत की आता त्याला वर काढायला बाज दोरांनी विहिरीत कशी सोडायची हे पोरांनाही ठाऊक आहे. सौराष्ट्रात वन विभागाने हजारो विहिरींना कठडे बांधून दिले आहेत, मी ते पाहिले. उरलेल्यांसाठी फक्त पैसा आणि पाठपुरावा लागेल.

दुसऱ्या घराचे, म्हणजे गुजरातबाहेर सिंहांची दुसरी वसाहत वसवण्याचे, तसे नाही. त्यासाठी निर्णय लागतो, आणि तो निर्णय झालेला असूनही अमलात आलेला नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने १९९० च्या दशकात राजस्थानातील दरा आणि सीतामाता यांच्यासह जागा पाहिल्या आणि मध्य प्रदेशातील कुनो सर्वांत योग्य ठरवले. सिंह येणार म्हणून कुनोतून चोवीस गावे हलवली गेली. सुमारे १,५०० कुटुंबे, त्यांतली बहुतेक सहरिया आदिवासींची, आपली घरे आणि देवाची ठाणी सोडून बाहेर आली. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंहांचे स्थलांतर करण्याचा आदेश दिला आणि त्या निकालात म्हटले की विचार माणसाच्या सोयीचा नव्हे, त्या प्रजातीच्या हिताचा झाला पाहिजे. एक तपाहून अधिक काळ लोटला. त्या कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून चित्ते आले. सिंह आजतागायत आलेला नाही. चित्त्यांविषयी माझ्या मनात अढी नाही, पण सिंहासाठी आपले गाव सोडलेल्या सहरिया माणसाला यात काय सांगायचे, हे मंडळाने ठरवले पाहिजे.

गुजरातची बाजू मी समजून घेतली आहे. सिंह हा आमच्या कुटुंबातला आहे, असे त्या राज्याने न्यायालयात सांगितले होते. ज्या घरात मी राहिलो तिथे ते शब्दशः खरे होते, म्हणून त्या भावनेची टिंगल मी कधीही करणार नाही. पण आमच्याकडे जुने शेतकरी बाजरीचे बी कधी एकाच कणगीत ठेवत नसत. थोडे भावाकडे, थोडे व्याह्यांकडे ठेवत, म्हणजे एका घराला आग लागली तरी पेरणी चुकत नसे. बी आपले राहतेच. दुसरा आक्षेप १९५७ च्या प्रयोगाचा घेतला जातो. तेव्हा उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात एक सिंह आणि दोन सिंहिणी सोडल्या होत्या. त्यांचे ११ झाले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सगळे नाहीसे झाले. तीनच जनावरे, नंतर धड देखरेख नाही आणि भोवती बंदुका. अशा प्रयोगातून सिंह दुसरीकडे जगत नाहीत हे सिद्ध होत नाही. आज रेडिओ कॉलर आहेत, प्रशिक्षित पथके आहेत, आणि चित्त्यांच्या निमित्ताने आपण समुद्रापलीकडून श्वापदे आणून सोडण्याचा अनुभवही घेतला आहे.

पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्याचा पर्याय आता पुढे केला जातो. २०२३ मध्ये एक सिंह आपणहून तिथे पोहोचला आणि २०२५ च्या गणनेत तिथे १७ सिंह आढळले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बरडा १९२ चौरस किलोमीटरचे आहे, त्याच सौराष्ट्रात आहे, तिथली गुरे तीच आणि भटकी कुत्रीही तीच. दलखाणियात आली तशी साथ पसरली तर ती बरड्याच्या वेशीवर थांबेल असे मानायला वैद्यकीय आधार नाही. २०१५ च्या जूनमध्ये अमरेली जिल्ह्यात शेत्रुंजीला पूर आला तेव्हा दहाच्या आसपास सिंह वाहून मेले. एका मुलखावर एकच आभाळ असते. दुसरे घर म्हणताना त्या आभाळाबाहेरचे घर अभिप्रेत असते. चित्त्यांमुळे कुनो आता अडचणीचे वाटत असेल तर ज्या जागा पूर्वी पाहिल्या होत्या त्या पुन्हा पाहाव्यात, पण पाहणीलाच निर्णय समजू नये.

आता पिंजऱ्यातल्या सिंहाविषयी. तो या पत्रात ओघाने आलेला नाही. रानात जागा अपुरी पडते तेव्हा सिंहाला पिंजराच मिळतो, म्हणून त्याच्याविषयी लिहिणे भाग आहे. २०१६ मध्ये धारीजवळच्या अंबरडी परिसरात माणसे मारली गेल्यानंतर सतरा-अठरा सिंह पकडण्यात आले, त्यांचे पंजे आणि विष्ठा तपासून माणूस कोणी खाल्ला याचा शोध घेतला गेला, आणि दोषी ठरलेल्या नराची रवानगी कायमची प्राणिसंग्रहालयात झाली. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचे दुःख मोठे आहे आणि वन विभागापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण उन्हाळ्यात उकाड्यापायी शेतात उघड्यावर झोपणारा मजूर आणि जंगलाबाहेर वाढलेला तरुण सिंह एकाच आमराईत येतात, ते तिथे दोघांनाही दुसरी जागा नसते म्हणून. २०१८ च्या साथीनंतर खबरदारी म्हणून पकडलेले निरोगी सिंहही दीर्घ काळ बंदिस्त राहिले. काही महिने कैदेत काढलेला कळप जेव्हा बाहेर येतो तेव्हा त्याच्या हद्दीत दुसरे नर बसलेले असतात, आणि परत सोडणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. पकडलेला निरोगी सिंह जास्तीत जास्त किती दिवस बंदिस्त ठेवायचा आणि त्याचा फेरविचार कोणी करायचा, याचा स्पष्ट, लिखित आणि जाहीर नियम असावा.

पिंजऱ्यातल्या सिंहाशी आम्हा मराठी माणसांचे नाते जुने आहे. सांगली भागातल्या विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि पुढे शंभर वर्षे आमच्या जत्रांमधून वाघ-सिंहांचे पिंजरे फिरत राहिले. लहानपणी मी पाहिलेल्या एका सर्कशीतला सिंह तंबूमागे चाकांच्या पिंजऱ्यात होता. पिंजरा इतका आखूड की तो तीन पावले टाकून वळायचा, आणि वळताना प्रत्येक वेळी त्याचा डावा खांदा गजाला घासायचा. तिथले केस गेले होते आणि कातडी काळी, जाड झाली होती, बैलाच्या मानेला जू घासून घट्टा पडतो तशी. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पशुवैद्यक झाल्यावर मला तो घट्टा पुष्कळदा आठवला. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून सिंहांच्या कसरतींवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे आपल्या देशाने केलेले फार चांगले काम आहे.

त्याच सर्कशींमधून आणखी एक दुःख आले. सर्कशीतले आफ्रिकी सिंह आणि गीरचे सिंह यांचा आपल्या प्राणिसंग्रहालयांत संकर झाला, आणि १९८० च्या दशकात जनुकीय तपासणीत ते उघड झाले तेव्हा या संकरित सिंहांचे प्रजनन बंद करावे लागले. त्यांच्यातले आणि सर्कशींतून सोडवलेले सिंह बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा केंद्रांमध्ये म्हातारे होऊन मेले. ज्या सिंहापासून वंश पुढे न्यायचा नाही, ज्याला रानात सोडता येत नाही आणि ज्याला पाहायला फारसे कोणी येत नाही, त्याच्या दातांकडे, सांध्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे पाहायला अनुभवी पशुवैद्यक लागतो, आणि अशा जागा रिकाम्या राहतात तेव्हा कुठे ओरड होत नाही. दुसरीकडे जुनागढच्या १८६३ पासूनच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून शुद्ध वंशाचे सिंह देशभर दिले जातात. २०२२ च्या अखेरीस तिथली एक जोडी वाघांच्या बदल्यात आमच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आली. मुलांना सिंह पाहायला मिळावा हे योग्यच आहे. परंतु प्राणिसंग्रहालयांतले सिंह हे रानातल्या दुसऱ्या वसाहतीची जागा भरून काढतात असा हिशोब कोणी मांडू नये; कुंपणात जन्मलेल्या छाव्याला चितळामागे धावायला कोणी शिकवत नाही.

मंडळाकडे माझी विनंती अशी आहे की आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत गुजरातबाहेरच्या दुसऱ्या वसाहतीचा विषय घ्यावा, २०१३ च्या आदेशाची आजची स्थिती काय हे इतिवृत्तात नोंदवावे, आणि जागा, कळपांची संख्या व वर्ष यांसह एक वेळापत्रक जाहीर करावे. तोपर्यंत, सिंहांच्या संपूर्ण पट्ट्यातील गावकुत्र्यांना डिस्टेंपरची आणि रेबीजची लस दरवर्षी टोचण्याचा कार्यक्रम ‘प्रोजेक्ट लायन’ या केंद्राच्या सिंह-संवर्धन योजनेच्या खर्चातून कायमस्वरूपी चालवावा. एक वर्ष टोचून थांबले तर नवी पिल्ले येतात आणि गाव पुन्हा उघडे पडते, हे मी अनुभवाने सांगतो. मेलेली गुरे उघड्यावर टाकण्याच्या जागा बंद करून खोल खड्डे द्यावेत. प्रत्येक मृत सिंहाचा शवविच्छेदन अहवाल, कारणासह, महिनाभरात लोकांसाठी खुला करावा. पहिले मृत्यू झुंजीच्या नावावर गेले तेव्हा जे दिवस वाया गेले ते साथीत फार मोलाचे असतात. आणि बंदिस्त सिंह जिथे जिथे आहेत तिथे पूर्णवेळ पशुवैद्यकाची जागा भरल्याशिवाय नवे जनावर देऊ नये.

लसीकरणाच्या कामासाठी महाराष्ट्रातून निवृत्त पशुवैद्यक लागले तर आम्ही काही जण स्वखर्चाने यायला तयार आहोत. भटके कुत्रे पकडून टोचायचे कसे, हे आम्हाला चांगले येते. निरोप आला की फेब्रुवारीत, गव्हाला पाणी चालू असताना, कामाला लागता येईल. त्या दिवसांत कुत्री आणि सावज दोन्ही हौदांवर येतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक,
जुन्नर तालुका, जिल्हा पुणे